गाव कुठलं या पक्ष्याचं?

लातूरला आमच्या क्लासमध्ये कुणाला नावाने हाक मारायची पद्धत नव्हती. पहिल्या बाकावर अहमदपूर बसायचा, त्याच्या शेजारी देगलूर. मुलींच्या बाजूला निलंगा आणि तिच्या मागे दोन उदगीर, एक लंबी उदगीर आणि एक चष्म्याची उदगीर. मी धर्माबाद.

आता धर्माबादला माझं कुणीही नाही. मी हिमायतनगरकडची. पण बारावी सायन्सला लातूर, असं त्या वर्षांत आमच्या नांदेड जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात ठरलेलं होतं, तसं आमच्याही घरात ठरलं, आणि पहिल्या दिवशी मी स्टँडवरून थेट क्लासला आले तेव्हा माझ्या हातात मावशीसाठी बाबांनी दिलेली धर्माबादच्या बाजारातली मिरचीची पिशवी होती. कुणीतरी पंखा लावला. न्यूटनचा दुसरा नियम सांगणारे सर चार वेळा शिंकले आणि डोळे पुसत म्हणाले, "कोण हाय ही धर्माबाद?" झालं. बारसं उरकलं. मी पुढे आठवडाभर ज्याला त्याला सांगत होते की मी तिकडची नाही, पण कुणी ऐकेना.

ऐकलं ते एकट्या इंग्रजीच्या सरांनी. ऐकून त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळीच दिली फळ्याला.

"म्हंजे मिरचीवरून गाव ठरलं! लई भारी. आन मिरचीचं गाव कुठलं, म्हाईत हाय का?"

"धर्माबाद," मी वैतागून म्हणाले.

"मेक्सिको!" सर म्हणाले. "ती जहाजातून आली, तू यष्टीतून आलीस. दोघीबी धर्माबादच्या न्हाईत."

हे आमचे जळकोटकर सर. शरीरयष्टी सुतळीसारखी, कानावर खडू, आणि अंगात एक जाडजूड लोकरीचा स्वेटर, ज्याच्या छातीवर शिंगवाल्या प्राण्यांची रांग चाललेली. लातूरच्या उन्हात माणसं बनियनवर फिरत असताना सर ऑक्टोबर लागला की हा स्वेटर चढवत आणि घामाने निथळत तास घेत. कुणी म्हणालं, "सर, हरणं छान आहेत," की सर दुखावल्यासारखा चेहरा करायचे. "हरणं न्हाईत. ह्यांचं गाव येगळं."

गाव विचारणं हा त्यांचा छंद होता, फक्त ते माणसांना विचारत नसत, शब्दांना विचारत. व्याकरणाचा धडा चालू असताना मध्येच खडू रोखून, "बटाटा! गाव कुठलं?" अहमदपूर ठामपणे म्हणायचा, "जुन्नर." सर पोट धरून हसायचे. "मेज! गाव कुठलं? तूप! पगार! चल, बोल!" अशा प्रश्नांवर बोर्डात मार्क नव्हते आणि तिथेच सगळं अडत होतं.

कारण बारावी सायन्सला इंग्रजीत नुसतं पास व्हायचं असतं. डॉक्टर-इंजिनियर होणं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित यांच्या हातात. इंग्रजीचा तास संध्याकाळी शेवटचा, आणि त्या वेळी मुलं चहाच्या गाड्यावर न्यूटन सोडवत. सरांसमोर बाकं असायची, माणसं नसायची. क्लासचे संचालक, म्हणजे तेच शिंकणारे फिजिक्सचे सर, यांनी शेवटी सुनावलं. आमच्या खोलीच्या आणि ऑफिसच्या मध्ये प्लायवूडची भिंत होती, त्यामुळे ते आम्हा सगळ्यांनाच सुनावल्यासारखं झालं.

"जळकोटकर, दिवाळीपोतर बाकं भरून दाखवा. न्हाई भरली तर तो तास मी फिजिक्सला घेतो. मग तुम्हाला ठेवून मी काय करू, सांगा."

सर क्लासच्या मागच्या खोलीतच राहायचे. सुट्टीतही कुठे जायचे नाहीत. एकदा लंबी उदगीरने विचारलं, "सर, जळकोटला जात न्हाई का?" तर म्हणाले, "जळकोटला माझं कोण हाय!" आम्ही हसलो होतो. सरांचा प्रत्येक शब्द हसण्यासाठीच असतो असं आम्ही धरून चाललो होतो.

क्लासच्या खाली चाचांचं अंड्या-कोंबड्यांचं दुकान होतं. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या त्या गल्लीत गेल्या. चाचा हैदराबादहून माल आणायला गेले आणि येताना एक विचित्र पक्षी घेऊन आले. कोंबडीच्या चौपट मोठा, काळाभोर, डोकं टकलं आणि निळं, गळ्याला लाल मांसाची झालर. "इत्ता बडा मुर्गा, इत्ते में, काइकू छोडूँ बोल के ले लिया," असं चाचा सांगायचे. पण गिऱ्हाईक येई, बघे आणि दोन पावलं मागे सरके.

"चाचा, हे काय हाय?"

"फीलमुर्ग. हत्ती मुर्गा समझो."

"मोराच्या जातीचं दिसून राहिलं. न्हाई बाबा, मोर मारला तर पोलीस धरतेत."

ही शंका एकाने काढली आणि गल्लीभर झाली. मोर म्हटल्यावर खाणं दूरच, पाहुणे आले की चाचांना पक्ष्यावर पोतं टाकावं लागे. त्यात त्या पक्ष्याला एक खोड होती. मोठ्याने कुणी हसलं की तो मान पुढे काढून "गुळगुळगुळगुळ" असं ओरडायचा. खाली गल्लीत हसणं कमी नव्हतं. चाचा टेकीला आले.

"ले जाव मास्टरसाब," ते एक दिवस म्हणाले. "तुमकू जानवरां का शौक है. मेरा सर खा गया ये."

सर त्याला काखेत घालून जिना चढून आले. ती त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात हुशार चाल होती, आणि मला खात्री आहे की ती चाल आहे हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. त्यांना नुसता आनंद झाला होता.

"ओळखा पाहू! ही टर्की. नर हाय, पण शब्द बाईमाणसाचा. चला, आज युरोप."

फळ्यावर त्यांनी नकाशा काढला. इटलीचा बूट तेवढा ओळखू आला. मग प्रत्येक बाकाला एक देश वाटला. अहमदपूर झाला इंग्लंड, निलंगा तुर्कस्तान, देगलूर फ्रान्स, लंबी उदगीर पोर्तुगाल, चष्म्याची उदगीर स्पेन, मी हॉलंड. मागच्या बाकावर नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन दाटीवाटीने बसले. टेबलावर पक्षी.

"इंग्लंड, उभं राहा. ह्याचं गाव कुठलं?"

"तुर्कस्तान, सर. टर्की."

"कामून?"

"म्हाईत न्हाई, सर."

"तुर्की व्यापाऱ्यांच्या मालातून तिकडं कोंबड्या यायच्या म्हणून. गाडी बघितली आन गाव ठरवलं. बरं, तुर्कस्तान, तू सांग. तुझ्याच गावचा ना हा?"

निलंगा घाबरत म्हणाली, "न्हाई सर. आमचा न्हाई."

"शाबास! तुर्की लोक त्याला हिंदी म्हणतेत. म्हंजे हिंदुस्थानचा. फ्रान्स?"

देगलूरच्या आणि आम्हा बाकीच्यांच्या हातात सरांनी चिठ्ठ्या कोंबल्या. "दँद," देगलूर वाचू लागला. "म्हणजे... हिंदुस्थानातला."

"रशियात इंदेयका, पोलंडात इंदिक. समदे आपल्याकडं बोट दाखवून राहिले! पोर्तुगाल?"

"पेरू," म्हणत लंबी उदगीर स्वतःच फुटली. सगळा वर्ग हसला, कारण आमच्याकडच्या जांबाला पुस्तकात पेरू म्हणतात. वर्ग हसला म्हटल्यावर टेबलावरून गुळगुळगुळ. त्यावर वर्ग आणखी हसला. त्यावर आणखी गुळगुळ. पलीकडे फिजिक्सचा जादा तास चालू होता, तो थांबला.

"पेरू म्हंजे देश, अमेरिकेतला!" सर त्या गोंधळावर ओरडत होते. "स्पेनवाले काय म्हणले? त्यांनी त्याला मोराचंच नाव दिलं. पावो! म्हंजे स्पेनमधीबी आपल्या चाचांचीच गिऱ्हाईकं! आन हॉलंड, धर्माबाद, तुझं सांग!"

मी चिठ्ठी घेऊन उभी राहिले. "काल्कून."

"म्हंजे?"

"कालिकतचा कोंबडा, सर."

"नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन?"

मागच्या बाकावरून एकसुरात आलं, "कालिकतकर!"

हे "कर" सरांनीच शिकवलं होतं. ते म्हणायचे, निलंग्यात कुणी निलंगेकर नसतो. निलंगा सोडून नांदेडला गेला की होतो निलंगेकर. ज्या गावाने तुम्हाला पाठवलं ते गाव तुमचं नाव ठेवत नाही, ज्या गावात तुम्ही येऊन पडता ते ठेवतं, आणि ते गाव दर वेळी नीट चौकशी करतंच असं नाही.

"मग खरं गाव कुठलं, सर?" अहमदपूरने विचारलं.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "तिच्या मिरचीचं. मेक्सिको. तिथले लोक ह्याला ग्वाखोलोते म्हणतेत. तेवढं एकच नाव ह्याच्या घरचं. बाकी युरोपभर ह्याला फिरवलं, आन ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या गावचा ठरवला."

दुसऱ्या दिवशी बाकं भरली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या क्लासची मुलं दाराशी उभी. चहाच्या गाड्यावर मुलं ग्वाखोलोते म्हणून एकमेकांना हाका मारू लागली. आम्ही इंग्रजी शिकत होतो की नाही देव जाणे, पण जो तो शब्दांची गावं शोधत सुटला होता. त्याआधी मला वाटायचं की भाषा म्हणजे पाठ करायची गोष्ट. ती इकडून तिकडे हिंडते, चुका करते आणि चुकांवर घर बांधते, हे कळल्यावर मला जो आनंद झाला तो नंतर निकालाच्या दिवशीही झाला नाही.

संचालकांना मात्र आनंद झाला नाही. शिस्त गेली, पलीकडचा तास मोडतो, पायऱ्यांवर पिसं पडतात. त्यांनी दिवाळीच्या आधी पालकसभा बोलावली. इंग्रजीचा तास ठेवायचा की फिजिक्सला द्यायचा हे पालकच ठरवतील, असं जाहीर केलं. त्यांना वाटलं, पैसे मोजणारा बाप पक्ष्याला कशाला मत देईल? आम्हालाही तसंच वाटलं. सर जाणार, आणि जाणार तरी कुठे, या काळजीने चष्म्याची उदगीर बायोलॉजीच्या तासाला रडली.

सभेला हॉल गच्च. टोप्या, पटके, डोईवरचे पदर, माझे बाबा. सर स्वेटर घालून उभे. पक्षी टेबलावर.

एका पालकाने सुरुवातच केली, "मास्तर, ह्या पाखरानं मेडिकलला नंबर लागतो का?"

हॉल हसला. गुळगुळगुळगुळ. एक आजीबाई दचकून खुर्चीवरून उठल्या. सरांना चेव चढला. त्यांनी पालकांनाच देश वाटायला घेतले. माझे बाबा पोलंड झाले. आयुष्यात हिमायतनगरच्या कापसाबाहेर ज्यांनी कशात लक्ष घातलं नाही ते बाबा उभं राहून "इंदिक" म्हणाले आणि शेजाऱ्याकडे बघून लाजले.

तेवढ्यात मागून एक म्हातारे उठले. औशाकडून नुकत्याच आलेल्या एका मुलीचे आजोबा. धोतर, काठी, जाड भिंगांचा चष्मा. ते बराच वेळ सरांकडे टक लावून बघत होते.

"पाखराचं कळलं मास्तर. तुमचं गाव कोणतं?"

"जळकोट," संचालकांनी परस्पर उत्तर दिलं.

"न्हाई," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी एका गावाचं नाव घेतलं.

ते नाव त्या दिवसांत लातूर जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. भूकंपात जी गावं पडली त्यांतलं ते एक. सगळा हॉल एकदम गप्प झाला. पक्षीही गप्प. मग मागच्या रांगेतून कुणी बाई हळूच म्हणाली, "अरारा, माय."

सरांनी कानावरचा खडू काढून हातात घेतला. मी त्यांना पहिल्यांदाच न हसताना बघत होते आणि मला भीती वाटली.

"हाव," ते म्हणाले. "तिथलाच. त्या दिवशी मी गावात नव्हतो. आई होती." बोटांत खडू फिरवत म्हणाले, "नंतर जळकोटला एका शाळेत काही दिवस शिकवलं. हितं आलो ते जळकोटच्या गाडीतून उतरलो. साहेब म्हणले, या जळकोटकर. म्या म्हणलं, बरं झालं. खरं गाव सांगितलं की आत्ता झालं तसं हुतंय. लोक गप बसतेत. मग मला पुढं काय शिकवता येत न्हाई."

सर स्वेटरच्या बाहीशी चाळा करत पुढे सांगू लागले, आम्हाला नव्हे, त्या आजोबांना. मदतीला परदेशातली माणसं आली होती. इंग्रजी येणारा म्हणून सरांना दुभाषी केलं. सकाळपासून दुसऱ्यांचं दुःख इंग्रजीत सांगायचं आणि स्वतःचं कुठल्याच भाषेत नाही, असे दिवस. एका दुपारी तंबूत जेवायला बसले असता नॉर्वेची एक नर्स वरणभाताकडे बघून म्हणाली, आज काल्कून हवा होता. इंग्रज म्हणाला, तुला टर्की म्हणायचंय. फ्रेंच इंजिनियर म्हणाला, छे, तो तर हिंदुस्थानचा. नर्स म्हणाली, बरोबर, कालिकतचा. तिघेही भांडत भांडत सरांकडे वळले. तू हिंदुस्थानी, तू सांग, तुमच्यात काय म्हणतात?

"आन मी तर ते पाखरू जन्मात बघितलं नव्हतं," सर म्हणाले. "मला हसू आलं. मोठ्यानं. आई गेल्यावर पहिल्यांदा. मला लाज वाटली, अशा जागी हसलो म्हणून. तर त्या नर्सबाईनं ताट बाजूला ठेवलं आन तीबी हसायला लागली. मला एकट्याला हसू दिलं न्हाई तिनं. हा स्वेटर तिचाच, ही रेनडिअरं तिच्याच गावची. त्या दिवशी मला वाटलं, मी जगंन."

पदराने डोळे पुसणं सुरू झालं. सर पडलेल्या चेहऱ्याने त्या सगळ्या ओल्या डोळ्यांकडे बघत होते. ज्याची त्यांना इतकी वर्षं धास्ती होती तेच झालं होतं. आता हा हॉल कधीच हसणार नाही, असं वाटलं.

पण आजोबांनी काठी आपटली.

"आवं रडताव कामून? ह्या मास्तराची आई तुम्हाला म्हाईत न्हाई म्हणून रडताव. मी तिच्याच गल्लीतला. तिनं एक कोंबडा पाळला होता. त्याचं नाव कलेक्टर! लई माजोरी. रोज साळंच्या कौलावर चढून बसायचा. एक दिवस खरंच कलेक्टरची जीप आली गावात. साहेब खाली उतरले, सरपंच हार घेऊन उभा, आन गल्लीतून हिची हाक आली, 'कलेक्टर, मेल्या, केलीस का पुन्यांदा घाण? खाली उतर, न्हाई तर तंगडी मोडते!'"

मग माझ्या बाबांच्या तोंडून फुर्रकन हसू सुटलं. मग सगळा हॉल.

"साहेब काय म्हणले?" कुणीतरी ओरडलं.

"साहेब म्हणले, चढलोच न्हाई तर उतरू कसा?"

गुळगुळगुळगुळगुळ! पक्ष्याने असा गळा काढला की खालून चाचा ओरडले, "क्या हुआ मास्टरसाब?" सर टेबलाला धरून हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहत होतं. हसता हसता ते आजोबांना म्हणाले, "घाण माझ्याच टोपीवर केली होती त्यानं!" त्या गावाचं नाव आणि हसू मी तोवर एका खोलीत कधी ऐकलं नव्हतं.

तासाचा निकाल माझ्या बाबांनी लावला. "ऱ्हाऊ द्या हो इंग्रजी. पोरगी गावाकडं आली की आधी गप बसून ऱ्हायची. आता बटाट्याची भाजी वाढली तरी त्याचं गाव सांगती." संचालकांनी हात जोडले. तास राहिला. पक्षी मात्र खाली ठेवायचा ठरला, पण त्याने फरक पडला नाही. आम्ही वर हसलो की तो खालून साथ द्यायचा.

आमची परीक्षा झाली आणि सर स्वतःहून गेले. त्यांचं गाव नव्या जागी वसलं होतं, तिथल्या शाळेला मास्तर हवा होता. त्या आजोबांनीच निरोप आणला. स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो तेव्हा सरांच्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात टोपली. टोपलीतून निळं डोकं बाहेर काढून तो लातूरकडे तुच्छतेने बघत होता. चाचा त्याला सोडायला आले होते आणि पक्ष्याने डोकं खाल्ल्याची तक्रार करणारा तो माणूस रुमालात नाक शिंकरत होता.

माझा मेडिकलला नंबर लागला नाही. नांदेडला इंग्रजी शिकवते, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

काही वर्षांनी मी त्या गावी गेले. सरळ रेषेतली घरं, सगळी एकाच साच्यातली, सावली धरण्याइतकी झाडं अजून वाढायची होती. सरांचं घर कुठलं कळेना. एक बाई ओट्यावर तूर पाखडत होत्या, त्यांना विचारलं.

"मास्तर व्हय? त्या वळणावर जा. दारात लातुरी दिसंन बगा."

"लातुरी?"

"आवं, ती मोठी काळी कोंबडी. लाल गळ्याची. आता घरोघर झाल्यात, पर मास्तरनंच आणली पहिली. लातूरहून आली न्हवं, म्हणून लातुरी."

मी वळणावर जवळजवळ धावतच गेले. सर दारातच होते. स्वेटरच्या कोपरांना भोकं पडली होती. पायाशी ते जुनं निळं डोकं, आणि चाचांनी मागाहून पाठवलेल्या मादीची पिल्लं अंगणभर. मी नमस्कारही न करता ओरडले, "सर, लातुरी!"

"ऐकलंस?" सरांचा चेहरा नुसता फुलून आला. "मी मेक्सिको सांगून दमलो, धर्माबाद. शाळंत नकाशा काढला. कुणी ऐकायला तयार न्हाई! इंग्लंड चुकलं, फ्रान्स चुकलं, आता आमचं गावबी चुकलं!"

आम्ही दोघं हसत सुटलो. अंगणातून, शेजारच्या अंगणातून, त्याच्या पलीकडच्या अंगणातून, त्या सगळ्या एकसारख्या घरांच्या ओळीतून लातुऱ्या गुळगुळू लागल्या. सरांनी हात वर करून मला ऐकायची खूण केली.

"गाव नवा शब्द काढून राहिलं, बाई," ते म्हणाले. "आमचं गाव जितं हाय."